पीटरला पत्र लिहिण्यास कारण की

"जगातली कुठलीही भाषा घ्या, पत्र हे पत्रच असतं. ज्याला मराठीत चार ओळी नीट लिहिता आल्या त्याला जर्मनीत काय, उद्या चंद्रावर वस्ती झाली तर तिथेही पत्र लिहिता येईल. भाषा हे नुसतं कापड. पत्र हा देह!"

हे उद्गार दाजींनी काढले तेव्हा ते भाईंदरला मिठागराच्या वाटेवरच्या चाळीत, सगळ्यात वरच्या पायरीवर उभे होते, आणि त्यांच्या हातात त्यांनीच रत्नागिरीला धाडलेलं एक कार्ड होतं. पत्ता अपुरा असल्यामुळे पोस्टाने ते त्याच सकाळी परत आणून दिलं होतं.

खालच्या पायरीवर लवू बसला होता. त्याने कार्डाकडे पाहिलं, दाजींकडे पाहिलं. बोलण्यासारखी त्याची परिस्थितीच नव्हती. जर्मन भाषेच्या अगदी पहिल्या, म्हणजे आपल्याकडे बिगरी म्हणतात तसल्या परीक्षेत तो नुकताच नापास झाला होता.

तसा सगळ्यात नापास नव्हे. ऐकण्यात पास, वाचण्यात पास. बोलण्यात तर परीक्षक खूश झाले होते, त्यांनी "आपण काय काम करता?" एवढंच विचारलं आणि लवूने खिळे पाडायच्या यंत्राचे सत्तावीस सुटे भाग जर्मनमधून घडाघडा म्हणून दाखवले. घात झाला तो लेखी भागात. चाळीस शब्दांचं एक पत्र लिहायचं होतं. पंधरापैकी दोन गुण मिळाले. तेही अक्षराचे असावेत, असं त्याला शिकवणाऱ्या विमलाबाईंचं मत पडलं.

आता काशीमीऱ्याच्या नाक्यावरचा एक साधा फिटर, पस्तिशीला आलेला, बायको असलेला, जर्मनच्या वाटेला का गेला, तर त्याला कारण ते यंत्र. लवूच्या कारखान्याच्या शेठनी दोन वर्षांपूर्वी, म्हणजे एकाहत्तर साली, ते थेट जर्मनीहून मागवलं. का मागवलं हे पुढे शेठनाही नीटसं सांगता येईना. पेटी उघडली तर आत यंत्र, यंत्राबरोबर जर्मन भाषेतलं जाडजूड पुस्तक आणि पुस्तकात एक चिठ्ठी: तुमचा एक माणूस तीन महिन्यांसाठी आमच्याकडे शिकायला पाठवा, तोवर यंत्र चालू करू नका, माणूस जर्मनची पहिली परीक्षा पास झालेला असावा, नाहीतर तो नको तिथे हात घालील.

तेव्हापासून यंत्र ताडपत्रीखाली होतं. दर शनिवारी सुट्टी झाली की लवू ताडपत्री वर करायचा, यंत्राला ग्रीस लावायचा, पितळी पाटी फडक्याने पुसायचा आणि ताडपत्री पुन्हा नीट ओढून घ्यायचा. बायको, शकू, म्हणायची, "माझी कधी एवढी विचारपूस केली नाही." यंत्राचा दात न् दात लवूला पाठ होता. फक्त ते चालताना कसं दिसतं हे त्याने पाहिलं नव्हतं. जर्मनी राहिली तर राहिली. पण ते एकदा तरी चालताना बघावं, खण् खण् करत खिळे पाडताना ऐकावं, एवढी एक इच्छा त्याच्या मनात बसली होती.

नापासाची बातमी ऐकल्यावर शेठ म्हणाले होते, "देख लवू, मैं बुरा आदमी नहीं. दिवाळी तक पास हुआ तो तू जर्मनी. नहीं हुआ तो मशीन भंगारमां. दो साल से जगा रोक के बैठा छे."

परीक्षा पुन्हा ऑक्टोबरात होती.

"काय लिहिलं होतंस ते सांग," दाजी म्हणाले.

लवूला ते तोंडपाठ होतं. प्रश्न असा होता: तुमचा मित्र पीटर याने शनिवारी वाढदिवसाला बोलावलं आहे. तुम्ही येणार का, काय आणणार आणि घरी कसं यायचं, हे पत्रात लिहा. त्यावर लवूने लिहिलं होतं: "प्रिय पीटर यास लवूचा नमस्कार. आम्ही इथे सर्व खुशाल. तुमची खुशाली कळवावी. तुमचे वडील कसे आहेत? आई कशी आहे? काका कसे आहेत? आजी कशी आहे? इथे पाऊस बरा. तिथे पाऊस आहे का? भात लावून झालं का? मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद."

"आणि मग?"

"मग पत्र लिहिण्यास कारण की, असं लिहिणार होतो. तेवढ्यात चाळीस शब्द संपले."

विमलाबाईंनी तो कागद बघून चष्मा काढला होता. "लवू, ह्या पत्रात पत्र कुठे आहे?"

"येतच होतं बाई. पण एकदम विषयावर कसं यायचं? माणूस काय म्हणेल?"

दाजींना मात्र त्या पत्रात काही चूक दिसली नाही. दिसणार कुठून, ते त्यांनीच घडवलेलं होतं. दाजी तीस वर्षं मिठागरावर कारकून होते, आणि मिठागरावरच्या माणसांची गावाकडची सगळी पत्रं त्यांच्या हातची. त्यांच्या पत्रांवर लग्नं जमली होती, बांधाचे तंटे मिटले होते आणि एकदा तर मेला म्हणून सोडून दिलेला एक इसम पत्र वाचून संतापाने परत आला होता. अलीकडे घरोघरची पोरं लिहायला शिकली आणि दाजींच्या दाराशी कुणी फिरकेना. त्यामुळे लवूचा लेखी विभाग त्यांनी तिथल्या तिथे ताब्यात घेतला. जर्मन येत नव्हतं, पण ती त्यांना अडचण वाटली नाही. जर्मन लवूला येत होतं.

"हा पीटर कोण?"

"पुस्तकातला आहे, दाजी."

"ते राहू दे. वय काय? करतो काय? लग्न झालंय?"

"ते दिलेलं नाही. शनिवारी वाढदिवस आहे, एवढंच दिलंय."

"बघ! ज्याचं लग्न झालंय की नाही ते ठाऊक नाही, त्याला तू पत्र लिहितोस. मग नापास नाही होणार तर काय कलेक्टर होणार? आधी माणूस पक्का कर."

म्हणून रविवारी माणूस पक्का करायला चार डोकी पायरीवर जमली. दाजी, शकू, शेजारच्या खोलीतल्या गोदूबाई आणि पालीहून टोपली घेऊन येणारी शेवंती कोळीण. तिची मासळी संपली होती, पण गोष्ट अर्धी टाकून जाणं तिच्या रक्तात नव्हतं. पुस्तकात पीटरचं चित्र होतं. कोट घातलेला, हातात छत्री घेतलेला एक लांबोडका माणूस. पुस्तक हातोहात फिरलं.

"पोराला खायला धड मिळत नाही," गोदूबाईंनी निकाल दिला.

"वय बत्तीस," दाजी म्हणाले. "लग्न झालेलं नाही. थोरली बहीण घरात आहे, तिचं जमल्याशिवाय हा कसा करणार?"

"बत्तिसाव्या वर्षी वाढदिवस करतो?" शकू म्हणाली. "कामधंदा नाही वाटतं."

"पोस्टात आहे," दाजींनी घाईने सांगितलं. पीटरचा अपमान त्यांना एवढ्यातच सोसेनासा झाला होता.

मग न्यायचं काय, हा मुद्दा निघाला. शेवंतीने मांडीवर थाप मारली. "बोंबील दे त्याला. सुका हाय, टिकंल. वास बी न्हाय येत."

"वास नाही?" गोदूबाई म्हणाल्या. "तू येताना अजून पुलावर असतेस तेव्हा इथे मांजरं गोळा होतात."

"ती माज्यावर मया करतान, तुज्यावानी न्हायत."

बोंबील मंजूर झाला. पण जायचं का नाही, यावर गाडं अडलं. दाजींचं म्हणणं, पत्रात खोटं लिहायचं नाही. शनिवारी जर्मनीला पोचता येत नाही हे तर उघडच होतं. निघाला तरी पीटरचा पुढचा वाढदिवस उजाडेल. म्हणजे नकार कळवायचा. आणि नकाराला कारण पाहिजे.

"विमलाबाई म्हणतात, आजारी आहे असं लिहा. सगळे तेच लिहितात," लवू म्हणाला.

पुस्तक हातोहात फिरत होतं ते थांबलं.

"कागदावर?" शकूने विचारलं. "धडधाकट माणसाला कागदावर आजारी पाडायचं? ते काही चालायचं नाही. माझा नवरा आहे तो."

"मग शकू आजारी आहे असं..."

"लिहून तर बघा."

लवूच्या गावाकडच्या आईचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. वाईट लिहू नये, लिहिलेलं लागतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जर्मन लोक दर परीक्षेला पोराटोरांना आजारी कसे पाडतात, आणि तरी तो देश उभा कसा, यावर दाजी विचार करत राहिले.

तेव्हा गोदूबाई बोलल्या. त्या दारातच डावा पाय लांब करून बसल्या होत्या आणि गुडघ्याला तेल चोळत होत्या.

"मी आहे की आजारी."

सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"सोळा वर्षं हा गुडघा धरून बसल्ये. एका मेल्याने कधी कुठे कळवलं नाही. गावाला पत्र जातं, त्यात काय असतं? 'गोदूबाई खुशाल आहेत.' लिहिणारे तुम्हीच, दाजी."

दाजींनी खिशातून ते परत आलेलं कार्ड काढून पाहिलं. त्यातही गोदूबाई खुशाल होत्या.

"रिवाज असतो तसा," ते हळू आवाजात म्हणाले.

"असू दे रिवाज. आता जर्मनीला तरी खरं काय ते कळू दे. लवू, लिही बाबा. काकीचा गुडघा दुखतो म्हणून येता येत नाही, असं लिही. माझी काही हरकत नाही."

हे पत्राचं कारण ठरलं. पण ते कागदावर यायला दोन तास लागले. लवूचा हात नेहमीच्या वळणाने जात होता, आणि गोदूबाई दर पाच मिनिटांनी विचारत होत्या.

"माझा गुडघा आला काय रे?"

"येतोय काकी. अजून पीटरच्या आजीची खुशाली चाललीय."

"तोवर माझा दुसराही जाईल! तिला कुणी बघितल्ये? काढ तिला."

आजी गेली. मग काका गेले. पाऊस गेला, भात गेलं. प्रत्येक ओळीला पायरीवर थोडी रडारड झाली. पीटरच्या वडिलांची चौकशी काढताना दाजींनी तोंड फिरवलं. पण कागदावर चाळीसच शब्द मावत होते आणि गोदूबाईंचा गुडघा सोळा वर्षांचा होता; त्याला जागा लागत होती. शेवटी वरचं श्री आणि खालचा "दाजींचा नमस्कार" एवढंच जुन्यातलं उरलं.

"त्याला हात लावायचा नाही," दाजी म्हणाले. "वडीलधाऱ्याचा नमस्कार गेला की पत्र पोरकं होतं."

लवूने पत्र जर्मनमधून मोठ्याने वाचून दाखवलं. कुणाला काही कळलं नाही, पण गुडघ्याला तिकडे क्नी म्हणतात हे लवूने आधी सांगून ठेवलं होतं. तो शब्द आला तेव्हा गोदूबाईंनी मान हलवली. "हां. आला बघ."

लवू कागद चुरगळायला गेला, तसं दाजींनी त्याचं मनगटच धरलं.

"वर श्री लिहिलंय आणि टाकतोस?"

"दाजी, हा सराव आहे."

"सराव? लग्नाचा सराव केला होतास? पत्र पेटीत पडेपर्यंत पत्र नसतं. पत्ता आहे ना पुस्तकात? मग झालं तर."

दाजींनी दुसऱ्या दिवशी पोस्टातून परदेशी जायची निळी हवाईपत्रं आणली. पीटरचं पत्र सुवाच्य अक्षरात उतरवलं गेलं आणि पेटीत पडलं. पेटीच्या तोंडात हात घालून ते खाली गेल्याची दाजींनी खात्री करून घेतली.

पहिलं धरून त्या पावसाळ्यात एकूण सात पत्रं गेली. पुस्तकात धडे भरपूर, आणि जर्मन माणसं सारखी काही ना काही विचारणारी. वेबरबाईंनी कॉफीला बोलावलं. काकींच्या गुडघ्यामुळे येता येत नाही. घरमालकाने विचारलं, नळ गळतो ते आधी का नाही कळवलंत? काकींच्या गुडघ्यामुळे. वाचनालयाने पुस्तक परत मागितलं. ते देणारच होतो, पण गुडघा. पीटरने तर तीनदा बोलावलं. त्याचा स्वभावच तसा, असं दाजी म्हणाले.

आणि इकडे गंमत अशी की विमलाबाईंकडे लवूचे गुण चढायला लागले. पाच, मग आठ, मग अकरा. गोदूबाई दारात बसून पहारा करत असल्यामुळे तो पहिल्याच ओळीत गुडघ्यावर यायला शिकला होता.

"तुमच्या ह्या काकी मला स्वप्नात दिसतात हल्ली," विमलाबाई म्हणाल्या. "पण पत्र आता पत्रासारखं वाटतं. हे 'उजवा' कुठून आणलंत? आपल्या धड्यात अजून आलं नाही."

"यंत्रावर आहे बाई. चाकावर बाण काढलाय आणि लिहिलंय, उजवीकडे फिरवा."

विमलाबाईंनी शेजारी बरोबरची खूण केली.

गोदूबाई मात्र रोज टपालवाल्याची वाट बघायच्या. "काय म्हणतो पीटर?" हा प्रश्न चाळीत "जेवलात का" इतका रुळला. शेवंतीने बोंबील वेगळे काढून ठेवले होते. वेबरबाई जरा शिष्ट असाव्यात, पण पीटर काही कळवल्याशिवाय राहायचा नाही, असं सगळ्यांचं मत होतं.

परीक्षेला आठ दिवस उरले असताना टपालवाला आला. त्याच्या हातात सुतळीने बांधलेली सात निळी पत्रं होती. एकेक करून ती त्याच्याकडे कधीची येत होती. पण दाजींच्या हातात द्यायचं त्याला धाडस होत नव्हतं, म्हणून त्याने साठवून एकदम दिली आणि सायकलवरून न उतरताच निघून गेला.

सातही पत्रांवर एकेक जर्मन शिक्का होता.

"काय म्हणतायत?" दाजींनी विचारलं.

लवूने वाचलं. "ह्या नावाचा माणूस ह्या पत्त्यावर नाही."

"अगो बाय," शेवंतीने तोंडावर पदर घेतला. "मेला का काय तो?"

दाजींनी पत्रं घेतली. एकेक पत्राचे चारही कोपरे तपासले. कुणी गेल्याचं कळवायचं तर पत्राचा कोपरा फाडतात, ही आपल्याकडची रीत; तीस वर्षांत त्यांनी स्वतः किती कोपरे फाडले होते. कुठलाच कोपरा फाटला नव्हता.

"माणूस जिवंत आहे," दाजी म्हणाले आणि सगळ्यांनी श्वास सोडला. "हलला असेल. बिऱ्हाड बदललं असेल."

"माझ्या गुडघ्याचं वाचून हलला," गोदूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या. तेलाची वाटी दारातच राहिली.

दाजीही आत गेले. पुढचे आठ दिवस ते पायरीवर आले नाहीत. तीस वर्षांत त्यांची जेवढी पत्रं परत आली नव्हती तेवढी ह्या एका सालात आली.

आणि लवूचा हात अडला. कागद घ्यायचा, श्री लिहायचा, "प्रिय पीटर" लिहायचा आणि थांबायचा. पूर्वी पीटर पुस्तकातला होता तेव्हा त्याला खुशाल लिहिता येत होतं. आता तो बत्तीस वर्षांचा होता, पोस्टात होता, थोरल्या बहिणीसाठी थांबलेला होता; आणि तो तिथे नाही हे ठाऊक असताना त्या पत्त्यावर लिहायचं कसं? शनिवारी त्याने ताडपत्री वर केली. शेठनी भंगारवाल्याला एकदा येऊन बघून जा म्हणून सांगितलं होतं. यंत्राच्या अंगावर खडूने वजनाचा आकडा लिहिलेला होता. लवूने तो फडक्याने पुसला आणि ग्रीस लावलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच.

परीक्षेच्या दिवशी मुंबईत त्या थंडगार हॉलमध्ये तो बसला तेव्हा त्याच्या डोक्यात एक शब्द नव्हता. ऐकणं झालं, वाचणं झालं. मग लेखी विभागाचा कागद पुढे आला. त्याने उलटा करून ठेवला. मग सुलटा केला आणि वाचला.

"तुमचा मित्र पीटर नव्या घरात राहायला गेला आहे. शनिवारी सामान लावायचं आहे. त्याने तुम्हाला मदतीला बोलावलं आहे. तुम्ही येऊ शकता का, नसल्यास का नाही, केव्हा याल आणि कशाची मदत कराल, ते चाळीस शब्दांत लिहा."

"हलला होता!" लवू मराठीतून ओरडला.

देखरेखीच्या बाईंनी दोन बोटं ओठांवर ठेवली. पण लवूला आता कोण थांबवणार? पीटर जिवंत होता, नव्या घरी होता आणि मोठ्या मनाने, एकही पत्र न मिळूनही, पुन्हा बोलावत होता. लवूने लिहायला घेतलं. पहिल्या ओळीत गुडघा आला. दुसऱ्या ओळीत, शनिवारी काकींना डॉक्टरकडे न्यायचं आहे. तिसऱ्या ओळीत, रविवारी सकाळी नक्की येतो. नव्या घराबद्दल आनंद झाला. बोटांवर त्याने शब्द मोजले. सही धरून छत्तीस झाले होते. चार उरले होते.

आणि मग त्याचं पेन थांबलं.

जर्मनमध्ये दाजींच्या नमस्काराला बरोबर चार शब्द लागतात. सात वेळा लिहून ते त्याच्या बोटांत बसले होते. पण मदत कशाची करणार, हे अजून लिहायचं राहिलं होतं. "मी खिळे घेऊन येतो" याला जर्मनमध्येही चारच शब्द लागतात.

लवूने आयुष्यात वडीलधाऱ्याच्या नमस्काराशिवाय पत्र संपवलं नव्हतं. दाजी पायरीवर दिसायला लागले. मग ताडपत्री दिसली, तिच्याखालचा खडूचा आकडा दिसला. नवं घर. भिंती कोऱ्या. कोट टांगायला एक खिळा नाही. हातात छत्री धरून उभा असलेला पीटर.

त्याने खिळे लिहिले आणि डोळे मिटून कागद दिला.

चाळीत परतल्यावर पेपर कसा गेला, हे कुणी विचारायच्या आत लवू म्हणाला, "पीटर सापडला. नव्या घरात गेलाय. पेपरातच आलंय."

गोदूबाई दारात आल्या. शकूने देवापुढे साखर ठेवली. शेवंतीने बोंबलांना पुन्हा ऊन दाखवलं. आठ दिवसांनी दाजी बाहेर आले आणि वरच्या पायरीवर उभे राहिले.

"मी म्हटलं नव्हतं? कोपरा शाबूत होता." मग हळूच विचारलं, "माझा नमस्कार घातलास ना?"

लवू नळावर पाय धुवायला गेला. पाय धुवायला त्याला त्या दिवशी फार वेळ लागला.

दिवाळीला चार दिवस असताना निकाल लागला. पास. लेखी विभागात पंधरापैकी चौदा. शेठनी भंगारवाल्याला हात हलवून वाटेला लावलं आणि लवूच्या पाठीवर थाप मारली, "जा, सीख के आ. फिर देखते हैं ये क्या करता है." लवू थेट यंत्रापाशी गेला. ताडपत्रीची घडी करून त्याने कोपऱ्यात ठेवली.

संध्याकाळी सगळी चाळ पायरीशी जमली. पेढे फिरले.

"एक गुण कशाला कापला रे?" दाजींनी विचारलं. "चौदा बरे आहेत. पण माझं शिकवणं पंधराचं होतं."

लवूने मान खाली घातली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. विमलाबाईंनी कारण विचारून घेतलं होतं आणि ते त्याच्या खिशात कागदावर होतं.

"दाजी, शब्द संपले होते. तुमचा नमस्कार मी गाळला. आणि बाई म्हणाल्या, परीक्षकांनी गुण कापला तो त्यालाच. पत्राच्या शेवटी नमस्कार नाही म्हणून."

पेढे फिरायचे थांबले. दाजींच्या चेहऱ्यावरून राग वर चढताना दिसला आणि मग वाटेत कुठेतरी थांबला. त्यांनी कागद मागून घेतला, त्यातलं अक्षरही कळत नसताना तो दोनदा वाचला, आणि छाती फुगवली.

"ऐकलंत? जर्मन सरकारने गुण कापला! माझा नमस्कार नव्हता म्हणून! अरे, पुन्हा सांगतो, जगातली कुठलीही भाषा घ्या. देश बदलतील, राज्यं बदलतील, माणसं बिऱ्हाडं बदलतील. पण वडीलधाऱ्याच्या नमस्कारावाचून पत्र उभं राहत नाही, हे आज भाईंदरने जर्मनीकडून सिद्ध करून घेतलं! लवू, वाच ते पत्र. सगळ्यांना कळेल असं, मराठीतून वाच."

लवू उभा राहिला. शकूचे डोळे भरले होते. शेवंती टोपलीवरून पुढे झुकली. पत्र त्याला तोंडपाठ होतं.

"प्रिय पीटर, शनिवारी मी येऊ शकत नाही. माझ्या काकींचा उजवा गुडघा फार दुखतो. त्यांना डॉक्टरकडे न्यायचं आहे. रविवारी सकाळी येतो. नव्या घराबद्दल आनंद झाला. मी खिळे घेऊन येतो. लवू."

दाजींनी डोळे पुसले. लवूच्या कानात यंत्र चालायला लागलं होतं. खण्, खण्, खण्.

दारातून गोदूबाईंनी डावा पाय दोन्ही हातांनी उचलून दुसरीकडे ठेवला.

"लवू," त्या म्हणाल्या, "जातोच आहेस तर पीटरला तेवढं एक सांग हां बाबा. उजवा नव्हे. डावा."